गाठ काढणं सोपं, आवाज ठेवणं अवघड

(ही आपल्या ताज्या भागाची लिखित आवृत्ती. बोलताना आलेले ‘म्हणजे’, ‘तर’, ‘बेसिकली’ बरेचसे गाळलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी.)

नमस्कार मंडळी!

हा ‘नमस्कार’ मी सात आठवड्यांनी म्हणतोय. मधल्या काळात तुमचे बरेच मेसेज आले. कोणी विचारलं, पॉडकास्ट बंद केला का? कोणी म्हणालं, लग्न ठरलं वाटतं. दोन्ही नाही. माझ्या स्वरयंत्रावर एक छोटी गाठ आली होती, ती शस्त्रक्रिया करून काढली. आजचा भाग त्यावरच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण स्वतःच्या गळ्याचा प्रश्न आला तेव्हा माहिती नसलेल्या सिस्टीमचा कोड वाचावा तसं सगळं वाचून काढलं आणि डॉक्टरांना भंडावून सोडलं. त्यातलं जे नीट समजलं तेवढंच सांगतो. तुमच्या गळ्याचा निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबत घ्यायचा.

माझ्या आवाजाचा लॉग

सुरुवात झाली गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत. ढोल-ताशाच्या वर आवाज जावा म्हणून रात्रभर ओरडलो. दुसऱ्या दिवशी आवाज बसला. त्यात काय विशेष, पुण्यात विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावाचा आवाज बसलेला असतो. ज्येष्ठमध चघळला, आईनं हळदीचं दूध दिलं, आवाज बऱ्यापैकी आला. पण पूर्ण नाही आला. सकाळी ठीक असायचा आणि संध्याकाळच्या कॉलपर्यंत फाटायचा. वरचा सूर लागतच नव्हता. बोलताना मध्येच हवा सुटायची, सायकलच्या पंक्चर ट्यूबसारखी.

मी दुर्लक्ष केलं. त्याच आवाजात भाग रेकॉर्ड केले, एडिट करताना खरखर थोडी कमी केली आणि टाकून दिले.

मग एका रात्री लक्षात आलं की माझ्याकडे असा पुरावा आहे जो सहसा कोणाकडे नसतो. प्रत्येक भागाची सुरुवात ‘नमस्कार मंडळी’नं होते. म्हणजे दोन वर्षांचे माझेच, तेच दोन शब्द, त्याच माइकवर, तारखेसह. ते सगळे तुकडे कापून एकापाठोपाठ लावले आणि ऐकले. विसर्जनाच्या आधीचा आवाज आणि नंतरचा आवाज यांत सरळ रेघ मारता येत होती. प्रॉडक्शनमध्ये बग नेमका कुठल्या रिलीजला आला ते सापडावं, तसं. आणि नंतरच्या दहा आठवड्यांत तो सुधारलेला नव्हता.

सर्दीनं किंवा ओरडण्यानं बसलेला आवाज साधारण दोन-तीन आठवड्यांत जागेवर येतो. तीन-चार आठवड्यांनंतरही घोगरेपणा राहिला, तर कुणीतरी आत बघायला हवं. मी दहा आठवडे घालवले. आणि मी रोज आवाज वापरणारा माणूस, म्हणजे मला तर आधीच कळायला हवं होतं.

तंतू कसले, दुधावरची साय

स्वरतंतू म्हटलं की डोळ्यांसमोर तंबोऱ्याच्या तारा येतात. माझ्याही यायच्या. प्रत्यक्षात त्या दोन मऊ घड्या असतात, श्वासनलिकेच्या तोंडाशी, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या. पुरुषांमध्ये लांबी साधारण दोन सेंटिमीटरच्या आसपास, बायकांमध्ये त्याहून कमी. श्वास घेताना त्या उघडतात. बोलताना जवळ येतात आणि फुप्फुसातून येणाऱ्या हवेनं थरथरतात.

किती वेळा? पुरुषाचा आवाज साधारण सेकंदाला शंभर-सव्वाशे कंपनं, बाईचा दोनशेच्या आसपास. आता हिशोब करा. मी १२० धरतो. एका भागात मी अर्धा तास आवाज काढला, तर दोन्ही घड्या एकमेकींवर दोन लाख सोळा हजार वेळा आपटल्या. त्यात मी ओरडत असलो तर प्रत्येक आपट जास्त जोराची.

आता घडीच्या आत काय आहे ते बघू, कारण पुढची सगळी गोष्ट यावरच अवलंबून आहे. वर अगदी पातळ कातडी. तिच्याखाली जेलीसारखा मऊ, ओला थर. त्याच्याखाली चिवट पट्टा आणि सगळ्यात खाली स्नायू. १९७० च्या दशकात जपानमधले डॉक्टर मिनोरू हिरानो यांनी ही रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून मांडली. वरचे दोन थर म्हणजे आवरण, खालचा भाग म्हणजे गाभा. आवाज निघतो तेव्हा आवरण गाभ्यावरून लाटेसारखं सरकतं.

तापवलेल्या दुधावर साय आली की फुंकर मारून बघा. साय सरकते, तिला सुरकुत्या पडतात, खालचं दूध जवळपास जागेवर असतं. आपला आवाज म्हणजे त्या सायीची लाट. आणि तीच साय करपून भांड्याला चिकटली, तर कितीही फुंकर मारा, हलणार नाही. ही चिकटलेली साय लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

पंख्याची ट्रिक

आत बघायचं कसं? १८५४ साली मान्युएल गार्सिया नावाच्या स्पॅनिश गायनशिक्षकानं दातांच्या डॉक्टरांकडचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशानं सूर्यप्रकाश आत टाकला आणि स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले. दुसऱ्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचं निरीक्षण मांडलं गेलं. एका गाणं शिकवणाऱ्या माणसानं डॉक्टरांना ही वाट दाखवली, हे मला फार आवडलं.

आता आरशाच्या जागी कॅमेरा आलाय. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी माझी जीभ कापसाच्या पट्टीत धरली, बाहेर ओढली आणि म्हणाले, “ई म्हणा.” जीभ दुसऱ्याच्या हातात असताना ‘ई’ म्हणून बघा. दिसायला विनोदी, पण दुखत नाही आणि दोन-तीन मिनिटांत संपतं. काही जणांना नाकातून बारीक, लवचिक कॅमेरा घालतात.

पण सेकंदाला १२० वेळा हलणारी गोष्ट डोळ्यांना कशी दिसणार? नुसती धूसर. इथे एक भारी युक्ती आहे. छताचा पंखा फिरत असताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. कधीकधी पंखा हळू किंवा उलटा फिरताना दिसतो ना? कॅमेरा पंख्याच्या गतीशी जवळपास जुळणाऱ्या वेगानं फोटो घेत असतो म्हणून. इथेही तेच करतात. आवाज १२० चा असेल तर दिवा सेकंदाला ११८.५ वेळा लुकलुकवतात. मग दिसणारी लाट सेकंदाला फक्त दीड वेळा फिरते, अगदी आरामात. या तपासणीला स्ट्रोबोस्कोपी म्हणतात.

स्क्रीनवर माझी लाट दिसत होती. उजव्या बाजूला छान, सलग. डाव्या घडीच्या मधोमध एक लालसर बुडबुडा. घड्या मिटायला आल्या की तो मध्ये अडकायचा, दारात चप्पल अडकावी तसा, आणि दोन्ही बाजूंच्या फटीतून हवा निसटायची. तीच माझी पंक्चर ट्यूब. डॉक्टर म्हणाले, पॉलिप आहे. ओरडताना आतली बारीक रक्तवाहिनी फुटली असेल, ती जागा बरी व्हायच्या आत तुम्ही बोलत राहिलात.

प्रत्येक गाठ कापायची नसते

घरी आलो तर नातेवाइकांचे दोन गट पडले. एक म्हणे लगेच कापून टाक, दुसरा म्हणे गळ्याला हात लावू देऊ नको. दोन्ही गट चूक, कारण ‘गाठ’ या एका शब्दात पाच-सहा वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

नोड्यूल म्हणजे घट्टे. कुदळ मारून हाताला पडतात तसे, बहुतेक वेळा दोन्ही घड्यांवर समोरासमोर. शिक्षक, गायक, खूप ओरडणारी मुलं यांना होतात. यावर पहिला उपाय शस्त्रक्रिया नाही. स्पीच थेरपिस्टकडे जाऊन आवाज वापरायची पद्धत बदलायची, घट्टे बरेचदा विरतात.

पॉलिप बहुधा एकाच बाजूला असतो. छोटा असेल तर कधी थेरपीनं जातो, नाहीतर काढावा लागतो. सिस्ट म्हणजे कातडीखालची पिशवी, ती थेरपीनं जात नाही. अनेक वर्षं सिगारेट ओढणाऱ्यांच्या घड्या पाणी भरल्यासारख्या सुजतात, तिथे आधी सिगारेट सोडावी लागते. मागच्या टोकाला होणारा ग्रॅन्युलोमा ॲसिडिटीमुळे किंवा भूल देताना घातलेल्या नळीमुळे होऊ शकतो, तो बरेचदा औषधांनी जातो.

पॅपिलोमा हा वेगळाच प्रकार. ही चामखिळीसारखी वाढ एचपीव्ही विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे होते. काढली तरी परत परत येते. लहान मुलांमध्ये श्वासाची वाट अडवण्यापर्यंत मजल जाते, काहींना कित्येक वेळा टेबलावर जावं लागतं. इथे एक चांगली बातमी आहे. ऑस्ट्रेलियात २००७ पासून मुलींना एचपीव्हीची लस द्यायला लागले आणि पुढच्या दशकात लहान मुलांमधले नवे पॅपिलोमा फार कमी झाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही लसही ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांसाठी आहे. लोक तिला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस म्हणून ओळखतात, पण तिचा गळ्याशीही संबंध आहे.

आणि शेवटचा प्रकार, ज्याची खरी भीती असते : पांढरा चट्टा किंवा कॅन्सर. इथे तुकडा तपासल्याशिवाय कोणीच काही सांगू शकत नाही.

मला आधी महिनाभर थेरपी दिली. आवाज थोडा सुधारला, गाठ तशीच. मग शस्त्रक्रियेची तारीख ठरली.

टेबलावर नेमकं काय होतं

बाहेरून गळा कापत नाहीत. हे मी आईला किमान दहा वेळा सांगितलं.

पूर्ण भूल देतात. श्वासासाठी नेहमीपेक्षा बारीक नळी घालतात, म्हणजे काम करायला जागा राहते. मान मागे करून तोंडातून धातूची पोकळ, सरळ नळी स्वरयंत्रापर्यंत नेतात आणि छातीवरच्या आधाराला ती टेकवून ठेवतात. त्यामुळे सर्जनचे दोन्ही हात मोकळे राहतात. हा दोन हातांचा मुद्दा छोटा वाटतो, पण १९६० च्या दशकात जर्मन डॉक्टर ऑस्कर क्लाइनसासर यांनी याला मोठ्या सूक्ष्मदर्शकाची जोड दिली आणि सगळा खेळ बदलला. त्याआधी जे अंदाजानं ओढून काढलं जायचं, ते आता मोठं करून, एका हातानं धरून, दुसऱ्यानं कापता यायला लागलं. हत्यारं वीतभर लांब आणि टोकाला मिलिमीटर-दोन मिलिमीटरची कात्री. पाणीपुरीच्या पुरीत भोकातून हात न घालता, लांब काडीनं एकच वाटाणा काढायचा आणि पुरी फोडायची नाही, असं काहीसं.

आता सायीकडे परत येऊ. गाठ आवरणात असते. सर्जन कातडीला बारीक छेद देतात, ती अलगद उचलतात, फक्त गाठ सोडवून घेतात आणि कातडी परत जागेवर बसवतात. कधीकधी आधी सुईनं थोडं सलाइन सोडून थर फुगवतात, म्हणजे आवरण गाभ्यापासून सुटं होतं. कारण खाली चिवट पट्ट्याला धक्का लागला की तिथे व्रण धरतो आणि साय भांड्याला चिकटते. मग गाठ गेली तरी लाट उठत नाही. जेलीचा तो थर एकदा गेला की तसाच्या तसा परत तयार होत नाही. त्यावर संशोधन चालू आहे, पण दुकानात जाऊन आणावा असा पर्याय आज नाही.

मी डॉक्टरांना विचारलं होतं, किती काढणार? ते म्हणाले, “काढायला काय, दोन मिनिटं लागतात. वेळ लागतो तो काय ठेवायचं यात.”

लेझरबद्दलही विचारलं, कारण लेझर म्हटलं की आपल्याला भारी वाटतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून घशात कार्बन डायऑक्साइड लेझर वापरतात. पेशींमधलं पाणी तो किरण शोषतं, म्हणून तो खोल न जाता वरच्यावर कापतो. पॅपिलोमा, काही चट्टे, लवकर सापडलेला कॅन्सर यात तो उपयोगी. पण उष्णता लागते, आणि आजूबाजूला ऑक्सिजन असल्यानं नळीला आग लागायचा धोका असतो. म्हणून खास नळी, ओल्या पट्ट्या आणि ऑक्सिजनचं प्रमाण कमी, अशी तयारी करतात. माझ्या छोट्या पॉलिपला साधी थंड कात्री पुरली.

धोकेही लिहून दिले होते : दात दुखावणं, जीभ काही दिवस बधिर होणं, गाठ परत येणं आणि आवाज अपेक्षेइतका न सुधारणं. शेवटच्या ओळीवर सही करताना पेन थांबलं. नोकरी कीबोर्डवर चालते, पण हा पॉडकास्ट?

(इथे पाणी प्यायला थांबलो. आता थांबतो. आधी थांबत नव्हतो.)

दोन गायिका

सहीच्या आदल्या रात्री मी जे करायला नको ते केलं : सर्च. दोन नावं सारखी येत राहिली.

पहिलं नाव जुली अँड्र्यूज. ‘द साउंड ऑफ म्युझिक’मधली मारिया. १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली. वाढ कॅन्सरची नव्हती. पण त्यानंतर त्यांचा गाण्याचा आवाज आला नाही. त्यांनी दावा केला, तो २००० साली तडजोडीनं मिटला. बोलण्याचा आवाज राहिला, अभिनय चालू राहिला, मुलीसोबत मुलांसाठी पुस्तकं लिहिली. पण चार सप्तकं फिरणारा म्हणून गाजलेला तो आवाज गेला.

दुसरी ॲडेल. २०११ च्या शरद ऋतूत स्वरतंतूत रक्तस्राव झाला, दौरा रद्द केला, नोव्हेंबरमध्ये बॉस्टनला डॉ. स्टीव्हन झायटल्स यांनी पॉलिपची शस्त्रक्रिया केली. फेब्रुवारी २०१२ मध्ये ती ग्रॅमीच्या मंचावर गायली आणि त्या रात्री सहा पुरस्कार घेऊन गेली.

यातून ‘एक वाईट, एक चांगलं’ असा हिशोब करू नका. दोघींच्या गाठी वेगळ्या, घसे वेगळे. मी यातून एवढंच घेतलं की गाठ काढून झाल्यावर उरलेली साय सैल राहिली का, यावर सगळं ठरतं. आणि ॲडेलच्या गोष्टीचा पुढचा भाग लोक सांगत नाहीत. २०१७ च्या उन्हाळ्यात लंडनच्या वेम्बली स्टेडियममधले शेवटचे दोन कार्यक्रम तिला स्वरतंतू दुखावल्यामुळे रद्द करावे लागले. म्हणजे उत्तम शस्त्रक्रियेनंतरही घसा तोच असतो, आपटही तीच असते.

सात दिवस गप्प

सकाळी दाखल झालो, संध्याकाळी घरी. दुखलं ते घसा खवखवावा इतपत. खरी परीक्षा नंतर.

सात दिवस एक शब्द नाही. किती दिवस गप्प राहायचं ते डॉक्टरांगणिक बदलतं, मला सात सांगितले. कुजबुजही नको, कारण जोर लावून कुजबुजताना स्वरयंत्र उलट आवळतं. खाकरायचं नाही, घोट घेऊन गिळायचं.

डिलिव्हरीवाला फोनवर “हॅलो, हॅलो, ओटीपी सांगा” म्हणतोय आणि मी खिडकीतून हातवारे करतोय. आई शेजारच्या काकूंना म्हणाली, “तो बोलत नाहीये,” तर काकूंना वाटलं घरात भांडण झालंय, त्या समजूत घालायला आल्या. टीमच्या मीटिंगमध्ये मी टाइप करत होतो आणि मला पहिल्यांदा कळलं की मी बोलतो त्यातलं निम्मं टाइप करायच्या लायकीचं नसतं.

आठव्या दिवशी थेरपिस्टनं पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ टाकून त्यातून ‘ऊ’ म्हणायला लावलं. लहानपणी केलं की मार पडायचा तेच. स्ट्रॉमुळे आतून थोडा उलटा दाब येतो आणि घड्या कमी जोरानं आपटून कंप पावतात. पहिले दिवस पाच मिनिटं, मग दहा. माझ्या गाठीचा रिपोर्ट आला : साधा पॉलिप.

बाबांचा आवाज

पण हा भाग मी माझ्यासाठी केलेला नाही.

सात दिवस तुम्ही गप्प राहिलात की घर ऐकू यायला लागतं. कुकरची शिटी, आईच्या बांगड्या, आणि बाबांचा आवाज. बाबा एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर गर्दीवर ओरडले, त्यात बिडी. त्यांचा आवाज घोगराच, आम्ही म्हणायचो कंडक्टरचा आवाज असाच असतो. त्या आठवड्यात मला वाटलं, हा तो घोगरा नाही.

दोन वर्षांपूर्वी बाबा आपल्या एका भागात पाहुणे होते, एसटीच्या गोष्टी सांगायला. आठवत असेल तर त्यांनी स्टँडवरची हाळी करून दाखवली होती. तो भाग काढला, मोबाइलवर त्यांचा आजचा आवाज रेकॉर्ड केला आणि वहीवर लिहिलं : ऐका. दोन्ही लागोपाठ लावले. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हा दुसरा कोण?”

मी वर्षभर त्यांना दवाखान्यात चला म्हणत होतो, ते ऐकत नव्हते. त्या पंधरा सेकंदांनंतर तयार झाले.

त्यांच्या उजव्या घडीवर पांढरा चट्टा होता. डॉक्टरांनी शब्द जपून वापरले. तीच तोंडातून नळी, तोच सूक्ष्मदर्शक, पण या वेळी प्रश्न आवाजाचा नव्हता. पूर्ण चट्टा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्टची वाट बघताना मी जर्मनीच्या फ्रीडरिशबद्दल वाचलं. १८८७ च्या जानेवारीत युवराज असताना त्याचा आवाज बसला. डाव्या घडीवर वाढ होती. जर्मन डॉक्टरांना कॅन्सर वाटला, त्यांनी गळा उघडून शस्त्रक्रिया करायचं ठरवलं. ब्रिटिश तज्ज्ञ मॉरेल मॅकेंझी यांनी आधी तोंडातून तुकडा काढला. तो तपासला रुडॉल्फ फिर्खो यांनी, त्या काळचा सगळ्यात मोठा माणूस. त्यात कॅन्सर दिसला नाही. शस्त्रक्रिया थांबली. नोव्हेंबरमध्ये कॅन्सर असल्याचं स्पष्ट झालं. पुढच्या फेब्रुवारीत श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावं लागलं, आवाज गेला. मार्च १८८८ मध्ये तो सम्राट झाला, चिठ्ठ्या लिहून राज्य केलं, आणि ९९ दिवसांनी, १५ जूनला गेला. त्या काळी गळा उघडणंही जिवावरचंच होतं, त्यामुळे कोण बरोबर हा वाद आजही घालता येतो. मला त्यातून एक साधी गोष्ट दिसली. तुकड्याचा रिपोर्ट फक्त त्या तुकड्याबद्दल बोलतो. रिपोर्ट चांगला आला आणि आवाज तसाच राहिला, तर परत जायचं, परत बघायला लावायचं.

बाबांचा रिपोर्ट आला : सौम्य डिस्प्लेसिया. कॅन्सर नाही. पेशी वाट सोडायला लागल्या होत्या, तेवढ्यात सापडल्या. आता दर तीन महिन्यांनी कॅमेरा, आणि बिडी बंद. बंद म्हणजे, गेल्या रविवारी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात काडेपेटी सापडली. बोललो नाही, काढून ठेवली. या लढाईला वेळ लागणार.

आता तुमचं काम

आज एकच करा. मोबाइल काढा, साधं एक वाक्य बोला, रेकॉर्ड करून ठेवा. दर महिन्याला तेच वाक्य, तशाच शांत खोलीत. घरच्यांचंही करा, खासकरून जे सिगारेट-बिडी ओढतात किंवा ज्यांचं पोट आवाजावर आहे : शिक्षक, भाजीवाले, कीर्तनकार. रोज ऐकतो त्या आवाजातला बदल आपल्याला कळत नाही. रेकॉर्डिंगला कळतो.

तीन-चार आठवड्यांहून जास्त घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. गिळताना त्रास, श्वासाला घरघर, थुंकीत रक्त, मानेत गाठ, यातलं काही असेल तर तेवढीही वाट बघू नका. शस्त्रक्रिया सुचवली तर तीन प्रश्न विचारा : ही नेमकी कुठली गाठ आहे? थेरपीनं जाईल का? आणि काढलेलं तपासायला पाठवणार ना?

आज माझा वरचा सूर परत आलाय, थोडा दमतो. यापुढे भाग अर्ध्या तासाचेच असतील, मध्ये पाण्यासाठी थांबेन.

काल बाबांना म्हटलं, भाग संपवताना ती तुमची स्टँडवरची हाळी द्या एकदा. ते हळू आवाजात म्हणाले, “ओरडायचं कशाला? डबल बेल देतो, गाडी निघते.” आणि टेबलावर बोटानं दोनदा टकटक केलं.

निघतो मंडळी. भेटू पुढच्या भागात.